कुजबुज, दोन कॅमेरे आणि रातकिडे: एका रात्रीच्या दृश्याचं सिंक साउंड

प्रसंग कागदावर साधा होता. रात्र, जुनं घर. आजारी वडील पलंगावर उशीला टेकून बसलेत, मुलगी शेजारच्या खुर्चीत. पलीकडच्या खोलीत धाकटा भाऊ झोपलाय, तो उठू नये म्हणून दोघं अगदी हळू बोलतात. पटकथेची साडेपाच पानं. संगीत नाही, हालचाल जवळजवळ नाही. जे घडतं ते सगळं आवाजात: वडील आधी टाळतात, मग चिडतात, पण चिडूनही आवाज चढवू शकत नाहीत, आणि शेवटी मुलगी इतकी वर्षं न सांगितलेली एक गोष्ट कुजबुजत सांगून टाकते.

या दृश्याचा ध्वनिमुद्रक मी होतो. लोकेशन साउंडच्या किंवा सिंक साउंडच्या, म्हणजे चित्रीकरण चालू असतानाच संवाद मुद्रित करण्याच्या, अडचणी बहुधा सुट्या सुट्या सांगितल्या जातात. कपड्यांची सळसळ, जनरेटर, घुमणारी खोली, बूमची (लांब दांडीवरच्या माइकची) सावली, असं एकेक. या दृश्यात त्या एकमेकींत अडकल्या होत्या आणि एकीवरचा उपाय दुसरीला वाढवत होता. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय. त्यातून एक गोष्ट मला पुढे मांडायची आहे. पाच मिनिटांचं दृश्य आठ-दहा तासांत चित्रित होतं. संकलनात रात्री नऊचं वाक्य पहाटे तीनच्या वाक्याला चिकटतं. पार्श्वभूमीला एकसारखा चालू असलेला आवाज नंतर साफ करता येतो, झाकता येतो, कधी तसाच ठेवताही येतो. शॉटगणिक बदलणारा आवाज मात्र प्रत्येक कटला उघडा पडतो. त्यामुळे लोकेशनवर मी ‘इथे किती शांत आहे’ याआधी ‘इथे काय बदलतंय’ हे विचारतो. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या प्रश्नातून निघाले.

दिग्दर्शिकेच्या अटी

तिने पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगितलं होतं. डबिंग नको, कारण वडिलांचं काम करणारे ज्येष्ठ नट श्वासावर अभिनय करतात आणि तो श्वास महिन्यांनंतर स्टुडिओत काचेसमोर उभं राहून परत येत नाही. कॅमेरे एकाच वेळी दोन, एक वाइड आणि एक क्लोज, कारण प्रत्येक टेकला ते काहीतरी नवं करतात. आणि खिडकी उघडी, पडदा वाऱ्याने हलता, कारण प्रकाशाची सगळी कल्पना त्या खिडकीवर उभी होती.

तिन्ही अटी चित्रपटाच्या दृष्टीने योग्य होत्या. ध्वनीच्या दृष्टीने तिन्ही एकमेकींच्या विरोधात. डबिंग नको असेल तर माइक तोंडाजवळ हवा, वाइड फ्रेम असेल तर तो जवळ येऊ शकत नाही, आणि उघडी खिडकी म्हणजे बाहेरचं सगळं आत. अशा वेळी ध्वनिमुद्रकाने ‘हे होणार नाही’ म्हणण्यात अर्थ नसतो. प्रत्येक अटीची किंमत काय आणि ती कोणाच्या विभागातून मोजायची, हे चित्रीकरणाच्या आधी टेबलावर आलं पाहिजे. सेटवर दिवे लागल्यानंतर हीच मागणी केली की ती तक्रार वाटते आणि तिला उत्तरही तसंच मिळतं.

रात्रीची रेकी

सगळ्या विभागांची रेकी, म्हणजे जागेची आगाऊ पाहणी, दिवसा झाली. त्या वेळी रस्त्यावर सतत वाहतूक होती, तिचा एकसलग गुंजारव येत होता आणि बाकीचे आवाज त्याखाली दबले होते. दृश्य रात्रीचं आणि चित्रीकरणही रात्रीच होणार होतं, म्हणून मी आणि बूम ऑपरेटर रात्री पुन्हा गेलो. रेकॉर्डर, वापरणार होतो तेच माइक आणि हेडफोन घेऊन. नुसत्या कानांवर विसंबू नये. मेंदू ओळखीचे आवाज गाळून टाकतो, माइक काहीच गाळत नाही.

रात्री चित्र अगदी वेगळं निघालं. घर चढाच्या वळणावर होतं. वाहनं कमी, पण प्रत्येक जड वाहन वळणावर गिअर बदलायचं आणि ते सुटं, स्पष्ट ऐकू यायचं. खालच्या स्वयंपाकघरातला फ्रिज चालू-बंद होत होता. गच्चीवरचा पाण्याचा पंप टाकी रिकामी झाली की आपोआप सुरू व्हायचा. खिडकीबाहेरच्या झुडपांत रातकिडे होते, भरपूर. शिवाय खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ, जे दिवसा कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

फ्रिज, पंप आणि घड्याळ हे सोपे शत्रू, एका वाक्यात संपणारे: पंपाचा स्विच बंद, घड्याळाचा सेल काढलेला, फ्रिज चित्रीकरणापुरता बंद आणि ज्या गाडीने परत जायचं तिची किल्ली फ्रिजमध्ये, म्हणजे तो पुन्हा चालू करायचं कोणी विसरत नाही. ही युक्ती या व्यवसायात सगळीकडे चालते आणि अजून तिच्याहून खात्रीची मला मिळालेली नाही.

खोली

खोली साधारण ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच. उघडी फरशी, गिलाव्याच्या भिंती, मोठी खिडकी. मध्यभागी टाळी वाजवली की समोरासमोरच्या भिंतींतून टाळीची थरथर परत यायची. भिंती ४ मीटर अंतरावर असल्या तर ध्वनीला जाऊन यायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात आणि ती फेरी पुन्हा पुन्हा होत राहते.

घुमणाऱ्या खोलीत माइक किती लांब नेता येईल, हे अंदाजाने ठरवायची गरज नसते. बोलणाऱ्यापासून एका ठराविक अंतरापर्यंत थेट आवाज जास्त असतो, त्यापलीकडे भिंतींवरून परतलेला. ६० घनमीटरच्या खोलीत आवाज विरायला १.२ सेकंद लागत असतील, तर सर्व बाजूंनी ऐकणाऱ्या माइकसाठी हे अंतर जेमतेम ४० सेंटिमीटर येतं. हायपरकार्डिऑइड माइक बाजूंचं कमी घेतो, त्यामुळे त्याला साधारण दुप्पट, म्हणजे ८० सेंटिमीटर मिळतात. वाइड फ्रेममध्ये बूम पावणेदोन-दोन मीटरवर जाणार होता. थेट आवाज दर दुप्पट अंतराला ६ डेसिबलने खाली जातो, घुमारा मात्र खोलीभर जवळपास सारखाच राहतो. दोन मीटरवरून घेतलेली कुजबुज म्हणजे विहिरीतून आलेला आवाज.

म्हणून पहिली मागणी कला विभागाकडे. कॅमेऱ्यामागच्या भिंतींवर जाड घोंगड्या टांगणं आमचं काम होतं आणि त्या भिंतीला चिकटवून न लावता हातभर पुढे टांगल्या. भिंतीला लागून असलेलं कापड फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषतं, मधली हवा सोडली की त्याचा परिणाम खालच्या कंपनसंख्यांपर्यंत पोचतो. पण वाइड कॅमेऱ्याला दिसणाऱ्या दोन भिंती आणि फरशी आमच्या हातात नव्हत्या. तिथे कलादिग्दर्शकाने मनापासून साथ दिली. भिंतीशी पुस्तकांनी भरलेली मांडणी आली, कपड्यांचं कपाट अर्धं उघडं राहिलं, पलंगावर जाड रजई आली, खुर्चीखाली गालिचा आला. आजाऱ्याच्या खोलीत यातलं काहीच उपरं दिसत नव्हतं. टाळीची थरथर गेली, घुमारा जवळपास निम्म्यावर आला आणि हायपरकार्डिऑइडसाठीचं अंतर १ मीटरच्या थोडं पुढे गेलं. वर्षानुवर्षं माझं हेच मत आहे की घरातल्या दृश्याच्या ध्वनीसाठी सर्वांत उपयोगी माणूस कलादिग्दर्शक असतो, फक्त त्याला वेळेत सांगायला हवं.

माइक आणि कपडे

घराच्या आत लांब नळीचा शॉटगन माइक मी टाळतो. नळीवरच्या फटींतून बाजूने येणारे ध्वनी एकमेकांना खोडून काढतात, त्यावर त्याची दिशा चालते. हे खोडणं वरच्या कंपनसंख्यांना चांगलं होतं, खालच्यांना फारसं होत नाही. छत आणि भिंती जवळ असल्या की बाजूने परतलेला आवाज विचित्र रंग घेऊन माइकमध्ये शिरतो. नटाने मान वळवली की तो रंग बदलतो, आणि बदल म्हणजे पुन्हा तोच कटचा प्रश्न. बूमवर म्हणून हायपरकार्डिऑइड.

कुजबुजीमुळे आणखी एक गणित पुढे आलं. प्रत्येक माइकचा स्वतःचा एक खरखराट असतो. बूमवरच्या चांगल्या माइकचा तो साधारण १२ ते १६ डेसिबल, कपड्यांत लपवायच्या इवल्याशा माइकचा, म्हणजे लेपलचा, २३ ते २८. जोरात बोलताना हा फरक कळत नाही, कुजबुजीत कळतो. लेपल तोंडापासून वीतभर अंतरावर असल्याने त्याला ८-१० डेसिबल जास्त आवाज मिळतो आणि हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो, पण लेपल छातीवर असल्यामुळे त्याला हनुवटीची सावली मिळते, व्यंजनांची धार बोथट होते आणि छातीचा घुमारा वाढतो. ३२ बिट फ्लोटचा रेकॉर्डर असला की हे सगळं सुटतं, असं निर्मात्याकडून कोणीतरी सुचवलं होतं. त्या रेकॉर्डरमुळे आवाज अचानक चढला तरी फाटत नाही, हे खरं. माइकचा खरखराट आणि खोलीचा गोंगाट मात्र त्याने रेसभरही कमी होत नाही. ते दोन्ही माइकच्या तोंडाशीच ठरलेले असतात.

वेशभूषेशी बोलणं कपडे शिवायच्या आधी झालं. मुलीसाठी ठरलेला कृत्रिम धाग्याचा पोशाख प्रत्येक श्वासाला सळसळायचा. त्याच रंगाचा सुती कपडा निवडला गेला. लेपल कुठे लपवायचा ते नटांच्या वाचनाच्या दिवशीच बघितलं: वडिलांच्या सदऱ्याच्या पट्टीत, मऊ चिकटपट्टीच्या दोन तुकड्यांमध्ये बसवून, म्हणजे कापड माइकवर घासण्याऐवजी माइकसोबत हलतं. मुलीच्या गळ्याशी छातीवर लावल्यावर तिच्या हृदयाचे ठोके ऐकू येत होते, म्हणून तो किंचित वर, गळपट्टीच्या शिवणीत गेला. ज्येष्ठ नटांना अंगाला कोणी हात लावलेला आवडत नाही हे कळल्यावर बूम ऑपरेटरने त्यांच्याशी आधी बोलून परवानगी घेतली आणि लेपल लावायचं काम रोज तिनेच केलं. ते तिला म्हणाले, “तू लाव बाळ, पण लावल्यावर मला त्याची आठवण करून देऊ नकोस.” ही अट तिने शेवटपर्यंत पाळली. टेकच्या मधे बॅटरी बदलायची वेळ येऊ नये म्हणून ती जेवणाच्या सुट्टीतच बदलायची.

दोन कॅमेऱ्यांचे पंखे आणि दिव्यांच्या बॅलास्टचे (दिव्यांना वीज पुरवणाऱ्या पेट्यांचे) पंखे, यांचा विचारही कुजबुजीमुळेच इतका करावा लागला. कॅमेरा रोल झाला की पंखा मंदावण्याची सोय दोन्ही कॅमेऱ्यांत होती, ती चालू केली आणि टेकच्या मधे कॅमेरे सावलीत थंड होऊ दिले. दिव्यांचे बॅलास्ट लांब केबल लावून जिन्यात गेले. एका दिव्याचा डिमर कमी प्रकाशावर गुणगुणत होता, गॅफरने, म्हणजे दिव्यांच्या प्रमुखाने, तो पूर्ण उजेडावर ठेवून समोर जाळी लावली.

वाइड आणि क्लोज एकत्र

दोन कॅमेरे एकाच वेळी, एक वाइड आणि एक क्लोज, ही कुठल्याही ध्वनिमुद्रकाची जुनी डोकेदुखी. क्लोज शॉटचा आवाज जवळचा हवा, पण वाइड फ्रेममुळे बूम दूर. मग सगळा भार लेपलवर येतो आणि डोळ्यांना चेहरा जवळ दिसत असताना कानांना तो कपड्याआडून ऐकू येतो.

माझी पहिली सूचना होती की दोन्ही कॅमेरे सारख्याच आकाराच्या फ्रेमवर, एक वडिलांवर आणि एक मुलीवर लावावे. छायालेखकाने नाही म्हटलं. समोरासमोरचे दोन कोन एकाच वेळी उजळायचे तर खिडकीच्या एकाच दिशेने येणारा प्रकाश मोडतो. त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि मी ते मान्य केलं.

मार्ग त्यानेच काढला. वाइड कॅमेरा ट्रायपॉडवर पूर्ण स्थिर ठेवायचा, टेकभर हलवायचा नाही. मग बूम फ्रेमच्या वरच्या भागात, मागच्या कोऱ्या भिंतीसमोर, खुशाल दिसू द्यायचा. प्रत्येक मांडणीनंतर कॅमेरा आणि प्रकाश तसाच ठेवून बूमशिवाय रिकामी फ्रेम चित्रित करायची, आणि नंतर त्या फ्रेमचा वरचा तुकडा बूमवर बसवून तो पुसून टाकायचा. या पद्धतीच्या अटी कडक आहेत. बूम नटाच्या डोक्यावरून किंवा हलत्या पडद्यासमोरून जाता कामा नये. त्याची सावली चेहऱ्यावर, भिंतीवर, कुठेही पडता कामा नये. टेकमध्ये प्रकाश बदलता कामा नये. बूम ऑपरेटरने तालमीत जमिनीवर खुणा करून आपली जागा ठरवली. अशा रीतीने बूम पावणेदोन मीटरवरून ६० सेंटिमीटरवर आला. ध्वनीच्या बाजूने या संपूर्ण कामातला सर्वांत मोठा फायदा हाच होता आणि तो मिळाला छायालेखकाच्या उदारपणामुळे.

बूम आणि दोन्ही लेपल वेगवेगळ्या ट्रॅकवर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. त्यांचं एकत्र मिश्रण फक्त सेटवर ऐकण्यासाठी आणि संकलकाच्या पहिल्या कच्च्या जोडणीसाठी. लेपल तोंडापासून २० सेंटिमीटर आणि बूम ६० सेंटिमीटरवर असेल, तर दोघांत सुमारे १.२ मिलिसेकंदाचं अंतर पडतं. ते न जुळवता दोन्ही एकत्र वाजवले की ४३० हर्ट्झच्या आसपास पहिली खाच पडते आणि आवाज पोकळ होतो. अहवालात म्हणून प्रत्येक टेकसमोर लिहिलं: ‘बूम प्रमुख, लेपल गरजेपुरता.’

रातकिडे

आता मुख्य अडचण. रातकिड्यांची किरकिर बहुतेक ४ ते ५ किलोहर्ट्झच्या अरुंद पट्टीत असते. च, स, श यांची धार याच भागातून सुरू होते. अरुंद फिल्टर लावून किरकिर कापली तर व्यंजनं बोबडी होतात. आवाज साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवावी, तर इथे कुजबुज आडवी येत होती. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, नुसता श्वास घर्षण करत बाहेर पडतो. म्हणजे कुजबुज स्वतःच खरखराटासारखी असते आणि खरखराट काढणाऱ्या प्रक्रियेला दोन्हींत फरक करणं अवघड जातं. किरकिर जाते आणि तिच्याबरोबर बोलणंही झिजतं.

पण मला सर्वांत जास्त काळजी होती ती बदलाची. रातकिड्यांची लय तापमानावर चालते. एमोस डॉलबेअर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये किरकिरीच्या वेगावरून तापमान काढायचं सूत्रच प्रसिद्ध केलं होतं. रात्र थंड होत जाते तशी किरकिर मंदावते. नऊ वाजता घेतलेला वाइड आणि पहाटे घेतलेला क्लोज एकमेकांना चिकटवले की लय कटवर अडखळणार. भर म्हणजे युनिटमधलं कोणी झुडपाजवळून गेलं की किडे एकदम गप्प होतात आणि काही वेळाने पुन्हा सुरू होतात.

दिवसा खिडकीला काळं कापड लावून चित्रीकरण करता आलं असतं. किडे नसते, पण वाहतूक दिवसभर असती आणि हलता पडदा, बाहेरचा निळा उजेड, दोन्ही गमावावं लागलं असतं. खिडकी बंद ठेवायची तर दिग्दर्शिकेची अट मोडते. शेवटी खिडकी उघडी दिसेल पण बंद असेल, असं करायचं ठरलं. चौकटीच्या बाहेरच्या बाजूला पारदर्शक ॲक्रिलिकचा जाड पत्रा बसवला आणि कडांना फोमची पट्टी लावून फटी बुजवल्या. फट हा इथला खरा शत्रू आहे, बोटभर फट राहिली तरी पत्र्याचा निम्मा उपयोग वाया जातो. दिव्याचं प्रतिबिंब कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून छायालेखकाने पत्रा किंचित तिरका करून घेतला. पडदा हलवायला पंखा लावला असता तर त्याचाच आवाज आला असता, म्हणून पडद्याच्या खालच्या शिवणीला नायलॉनचा बारीक दोरा बांधून कला विभागातला एक मुलगा जमिनीवर पडून तो ओढायचा. त्याने पकडलेली वाऱ्याची लय पडद्यावर इतकी खरी वाटते की त्याचं नाव श्रेयनामावलीत असायला हवं, असं मी तेव्हाच म्हणालो होतो.

पत्र्याचं शास्त्र सरळ आहे: वस्तुमान किंवा कंपनसंख्या दुप्पट झाली की अडवणूक साधारण ६ डेसिबलने वाढते. म्हणून ४-५ किलोहर्ट्झवरचे रातकिडे पुष्कळ खाली गेले आणि चढावरच्या वाहनांची १०० हर्ट्झच्या आसपासची घरघर जवळजवळ तशीच आत येत राहिली. हे आम्हाला माहीत होतं. दोन्ही एका पत्र्याने थांबणार नव्हते, आणि कुजबुजीसाठी रातकिडे जास्त घातक होते.

उरलेल्या किरकिरीसाठी वेगळी तजवीज केली. घरापासून थोडं दूर, जिथे कोणी फिरणार नाही अशा जागी दुसरा रेकॉर्डर आणि स्टिरिओ माइकची जोडी ठेवली. रात्रभर तासातासाने लांब ध्वनिमुद्रण केलं आणि प्रत्येकासोबत वेळ आणि तापमान नोंदवलं. कल्पना अशी की मिक्सिंगमध्ये यातलं एकच सलग ध्वनिमुद्रण संपूर्ण दृश्याखाली पसरायचं, खोलीत शिरलेल्या किरकिरीपेक्षा किंचित मोठं. मग खालची लय बदलली तरी कान वरच्या सलग लयीला धरून राहतो. बाहेर किडे अनेक असतातच, दोन लयी एकत्र ऐकू आल्या तरी कोणाला काही खटकत नाही.

चित्रीकरण

वाहतूक अडवायची परवानगी नव्हती. चढाच्या पायथ्याशी वॉकी घेऊन एक सहायक उभा राहिला. जड वाहन दिसलं की तो कळवायचा आणि फर्स्ट एडी (पहिला सहायक दिग्दर्शक) रोल थांबवायचा. टेक चालू असताना वाहन आलं तर आमच्याकडून कोणी काही बोलायचं नाही, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. कट म्हणणं दिग्दर्शिकेचं काम. आम्ही कोणत्या शब्दावर घरघर सुरू झाली आणि कोणत्यावर संपली, ते अहवालात लिहायचं. अशा नोंदी संकलकाला ‘टेक खराब’ या शेऱ्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडतात, कारण टेक सहसा पूर्ण खराब नसतो.

एक गोष्ट मात्र तालमीतच ठरवून घेतली. सेटवर शांतता पसरली की नट आपोआप आणखी हळू बोलू लागतात आणि रात्रभरात पट्टी उतरत जाते. वडिलांनी स्वर ठेवून दबक्या आवाजात बोलायचं आणि निखळ कुजबुज फक्त मुलीने, तीही शेवटच्या भागात करायची, असं दिग्दर्शिकेने ठरवलं. तिचं कारण अभिनयाचं होतं: आजारी माणसाला कुजबुजायला श्वास पुरत नाही. मला त्याचा जो उपयोग झाला तो पुढे येतोच.

शेवटच्या भागाच्या चित्रीकरणात ज्येष्ठ नटांनी तालमीत नसलेली एक गोष्ट केली. मुलगी बोलायला लागली तसं त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि तिचं बोलणं अर्ध्यावर तोडून, भिंतीकडे बघतच, “झोप आता” एवढंच म्हणाले. मुलीने क्षणभर थांबून उरलेलं सगळं सांगितलं. बूम ऑपरेटरने त्यांच्यामागे न जाता बूम मुलीवर ठेवला. त्यांच्या जागी लेपल होता, तिच्या कुजबुजीला मात्र जवळचा माइक हवाच होता. हा निर्णय अर्ध्या सेकंदात घ्यायचा असतो आणि तो संवाद पाठ असल्याशिवाय घेता येत नाही. नेमक्या याच टेकमध्ये वळणावर एक अवजड वाहन आलं. “झोप आता”च्या थोडं आधीपासून मुलीच्या शेवटच्या वाक्यापर्यंत घरघर होती. दिग्दर्शिकेने कट म्हटलं नाही. टेक संपल्यावर ती माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाली, “हाच टेक वापरणार आहे. तुला काय हवंय ते आत्ता सांग.”

मी दोन गोष्टी मागितल्या. कॅमेरे बंद, दिवे बंद, सगळे पंखे बंद आणि दोन्ही नट आपापल्या जागी, त्याच कपड्यांत, तेच लेपल आणि त्याच उंचीवरचा बूम. आधी दोघांनी तो संवाद फक्त आवाजासाठी पुन्हा म्हटला, अंगात तीच लय असतानाच. मग दीड मिनिट सगळे जागच्या जागी गप्प, खोलीचा रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा खोलीचा स्वतःचा आवाज. माणसांनी भरलेल्या खोलीचा रूम टोन रिकाम्या खोलीसारखा नसतो, म्हणून मी तो लोकांना बाहेर काढून घेत नाही.

नंतर काय झालं

मिक्सिंगला पोचल्यावर मुलीचा भाग अपेक्षेपेक्षा सहज सुटला. कुजबुजीत स्वरतंतूंचा कंप नसल्यामुळे तिच्यात खालच्या कंपनसंख्या जवळजवळ नसतात. वाहनाची घरघर बहुतेक २०० हर्ट्झच्या खाली होती. तिथून खालचं सगळं कापून टाकलं तरी तिच्या आवाजातलं काही गेलं नाही. जी कुजबुज रातकिड्यांपुढे दुबळी होती, तीच वाहनापुढे टिकली. बूमचा ट्रॅक जवळपास तसाच वापरला गेला. कापल्यामुळे पार्श्वभूमीत पडलेली पोकळी रूम टोनने भरली आणि त्यावर रात्री अकराच्या सुमाराचं रातकिड्यांचं सलग ध्वनिमुद्रण पूर्ण दृश्यभर पसरलं.

वडिलांचं “झोप आता” मात्र सुटेना. दबक्या स्वरात बोलणाऱ्या पुरुषाचा मूळ स्वर १०० हर्ट्झच्या आसपास असतो, वाहनाच्या घरघरीच्या अगदी मधोमध. घरघर कापली की आवाजातलं वय आणि थकवा दोन्ही निघून जायचं. त्या जागी दिवे बंद करून घेतलेला आवाज बसवून पाहिला. ओठ दिसत नव्हते, तोंड भिंतीकडे होतं, त्यामुळे जुळवणीचा प्रश्न आला नाही. शब्दांच्या आधीचा श्वासही त्याच ध्वनिमुद्रणातून घेतला. संपूर्ण दृश्यात स्टुडिओत डब केलेली एकही ओळ नाही.

एक मतभेद मात्र राहिलाय. त्याच घरात मागच्या बाजूला एक लहान खोली होती, रस्त्यापासून दोन भिंती आड. रेकीच्या रात्री तिथे मी दहा मिनिटं मुद्रण केलं होतं आणि वाहनांची घरघर त्यात जवळजवळ नव्हती. खिडकी छोटी असल्यामुळे छायालेखकाने ती नाकारली. दृश्य पूर्ण झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून ते पुन्हा पाहिलं. खिडकीच्या प्रकाशाशिवाय हे दृश्य उभंच राहिलं नसतं, यावर तो ठाम आहे. मी मागच्या खोलीचं ते मुद्रण त्याला हेडफोनवर ऐकवलं. पुढच्या चित्रपटाची रेकी आम्ही दोघं एकत्र आणि रात्री करणार आहोत.